बोटं वर, तारा खुल्या

या महिन्याच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: डावा हात गिटारच्या नेकवर वर न्यायचा, पण सगळ्या तारा न दाबता एक-दोन तारा खुल्याच वाजू द्यायच्या. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) मी आकड्यांत लिहिले आहेत. आकडा म्हणजे ती तार कितव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या कितव्या आडव्या पट्टीपाशी दाबायची ते. पहिला आकडा सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा, आणि शेवटचा पहिल्या पातळ तारेचा. शून्य म्हणजे खुली तार, फुली म्हणजे ती तार वाजवायची नाही. ट्यूनिंग नेहमीचंच आहे: ई, ए, डी, जी, बी, ई.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गिटार स्वतःच शिकतोय. साध्या ई मेजरचा शेप उचलून पाचव्या फ्रेटवर नेला आणि शेवटच्या दोन तारा खुल्या ठेवल्या, तर इतका सुंदर आवाज आला की तासभर तेच वाजवत बसलो. सातव्यावरही बरा लागतो. पण चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर तोच शेप कानाला सहन होत नाही. बोटं तर तीच आहेत. मग कुठे चालतं आणि कुठे नाही, हे ठरतं कशावर? (एक वाचक, मिरज)

बोटं तीच आहेत, तारा तशा नाहीत. ई मेजर म्हणजे ०-२-२-१-०-०. हा शेप वर नेताना जाड बाजूच्या चार तारा हाताबरोबर सरकतात आणि बी व ई या पातळ तारा जागच्या जागी राहतात. कॉर्डचा मूळ स्वर बदलतो, त्या दोन तारांचे स्वर बदलत नाहीत. म्हणजे प्रत्येक फ्रेटवर विचार इतकाच करायचा, की नव्या मूळ स्वराला सा म्हटलं तर बी आणि ई त्याचे कोण लागतात.

पाचव्या फ्रेटवर ५-७-७-६-०-० वाजवलंत, तिथे सा आहे ए. बी झाला त्याचा शुद्ध रिषभ, ई झाला पंचम. दोघेही घरचेच. पण तुम्ही तासभर अडकून बसलात त्याचं कारण याहून खोल आहे. चौथी तार सातव्या फ्रेटवर ए देते, खुली दुसरी तार बी देते आणि तिसरी तार सहाव्या फ्रेटवर सी शार्प देते. हे तिन्ही एकाच सप्तकातले, लागोपाठचे स्वर आहेत. सा, रे, ग एकाच वेळी, एकमेकांत मिसळत वाजतायत. पियानोवर हे कुणालाही जमेल. गिटारवर मात्र नेहमीच्या बार कॉर्डमध्ये (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं धरून वाजवतात त्या) शेजारशेजारचे स्वर असे क्वचितच मिळतात, कारण शेजारच्या दोन तारांमध्ये चार-पाच फ्रेटचं अंतर असतं. हात वर नेला आणि खाली एक तार खुली सोडली की ते अंतर बुजतं. आणखी एक गंमत बघा: या कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेहून उंच आहे. जाडीकडून पातळ तारेकडे एकेक तार छेडत गेलात तर स्वर सरळ चढत जात नाहीत, चढून उतरतात आणि पुन्हा चढतात. नुसतं ओळीने वाजवलं तरी चाल बांधल्यासारखं वाटतं ते यामुळे.

आता चौथा फ्रेट: ४-६-६-५-०-०. इथे सा आहे जी शार्प. तिसऱ्या तारेवर तुमचं बोट शुद्ध गंधार देतंय आणि तिच्या शेजारी खुली बी कोमल गंधार देतेय. दोन्ही गंधार एकाच वेळी, अर्ध्या स्वराच्या अंतरावर, भांडत उभे. सहाव्या फ्रेटवर बी हा कोमल रिषभ होतो आणि ई तीव्र मध्यम. तुमचा कान तक्रार करतोय ती अगदी रास्त आहे.

बाकीचे फ्रेट भराभर सांगते. पहिल्यावर (१-३-३-२-०-०) तीव्र मध्यम आणि शुद्ध निषाद मिळतात. जरा परका पण देखणा रंग आहे, ई मेजरवरून तिथे जाऊन परत आलं की स्पॅनिश गिटारची आठवण होते. दुसऱ्यावर (२-४-४-३-०-०) शुद्ध मध्यम आणि कोमल निषाद. कॅनडाच्या रश या बँडच्या अ‍ॅलेक्स लाइफसनने हा कॉर्ड १९७८ मध्ये असा वाजवला, की गिटारवाले आजही तो त्याच्याच नावाने ओळखतात. तिसऱ्यावर (३-५-५-४-०-०) गंधार आणि धैवत, अतिशय गोड. आठव्यावर निषाद आणि गंधार, म्हणजे सरळसरळ सी मेजर सेव्हन. दहाव्यावर धैवत आणि रिषभ, हाही मऊ. नववा ब्लूजसाठी राखून ठेवा. अकरावा सोडून द्या. बाराव्यावर पुन्हा ई.

तिसऱ्या फ्रेटवर जरा थांबा. तिथे दाबलेल्या तिसऱ्या तारेतून आणि खुल्या दुसऱ्या तारेतून एकच स्वर येतो, तोच बी, त्याच उंचीचा. एक तार जाड, एक पातळ, एक दाबलेली, एक मोकळी. स्वर एक पण पोत दोन. तुमच्या मिरजेत तंबोरे घडतात. एखाद्या कारागिराच्या दुकानात जाऊन तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, ती जोडी, लागोपाठ छेडून ऐका. एकाच षड्जात मिळवलेल्या त्या दोन तारांमधून जे भरलेपण येतं, तेच इथे लहान प्रमाणात घडतंय.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर मला खरं जे सांगायचं आहे ते सांगते. गाणं ई मेजरमध्ये असेल तर खुली ई म्हणजे गाण्याचा षड्ज आणि खुली बी म्हणजे पंचम. तुम्ही ई, मग पाचव्या फ्रेटचा ए, मग सातव्या फ्रेटचा बी (७-९-९-८-०-०) असे तीन कॉर्ड फिरवता तेव्हा खाली कॉर्ड बदलतायत आणि वर सा-प अखंड चालू आहेत. पाचवा आणि सातवा फ्रेट तुम्हाला आवडले ते म्हणूनच: दोन्ही कॉर्ड त्या गाण्याचेच आहेत आणि सा-प त्यांना सोडत नाहीत. सातव्या फ्रेटवर डी शार्प आणि खुली ई अर्ध्या स्वरावर घासतात, पण गाण्याच्या हिशेबाने ते नी आणि सा आहेत. नी साकडे ओढ घेतो, आणि पुढचा ई मेजर आला की ती ओढ सुटते. घासणं जास्त वाटलं तर आधी ७-९-९-९-०-० वाजवा आणि मग फक्त तिसऱ्या तारेची नोट आठव्यावर आणा.

म्हणून माझं सांगणं असं. शेपचा साठा करू नका. आधी बघा, कोणत्या तारा खुल्या ठेवायच्या आहेत आणि त्या या गाण्याच्या कोण आहेत. ई मेजरला बी आणि ई, ए मेजरला ए आणि ई, डीला डी आणि ए, जीला जी आणि डी: प्रत्येक जोडी सा आणि प आहे. ती नक्की झाली की शेप आपोआप सापडतात. इंटरनेटवरच्या तक्त्यांत तीस-चाळीस शेप एकाखाली एक दिलेले असतात आणि मुलं ते पाठ करतात. त्यातला एकही गाण्यात वापरता येत नाही, कारण कुठली तार का खुली आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

एक तांत्रिक गोष्ट. बार कॉर्डची सवय असल्यामुळे पहिलं बोट आडवं पडतं आणि खुल्या तारांना चिकटतं. इथे ते टोकावर उभं हवं, फक्त सहाव्या तारेवर. मधलं बोट तिसऱ्या तारेवर, अनामिका पाचवीवर, करंगळी चौथीवर. पाचही बोटांची नखं कापलेली असू द्यात, निदान डाव्या हाताची.

प्रश्न: मॅडम, मी निवृत्त शिक्षिका आहे. आमचा भावगीतांचा गट आहे, मी साथीला गिटार घेते. आमच्या गायिकेची पट्टी काळी चार. त्या पट्टीत बार कॉर्ड आले की माझी बोटं दुखतात. कमी बोटांत, न दाबता काही होईल का? (एक वाचक, नाशिक)

होईल, आणि बार कॉर्डपेक्षा भावगीताला जास्त शोभेल असं होईल. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जी मेजरच्या हिशेबाने वाजवा. काळी चार म्हणजे जी शार्प, ती पट्टी आपोआप मिळेल. इथून पुढचे आकडे कॅपोपासून मोजायचे.

दोन बोटांचा एकच शेप शिका: पहिलं बोट पाचव्या तारेवर, अनामिका त्याच्या दोन फ्रेट पुढे चौथ्या तारेवर. बाकी जी, बी, ई खुल्या. हा शेप तिसऱ्या फ्रेटवर ठेवला (×-३-५-०-०-०) की सी मेजर सेव्हन. पाचव्यावर (×-५-७-०-०-०) डी. सातव्यावर ई मायनर, आणि तिथे सहावी तारही खुली वाजवता येते: ०-७-९-०-०-०. दहाव्यावर (×-१०-१२-०-०-०) जी. म्हणजे गाण्याला लागणारे मुख्य चारही कॉर्ड एकाच शेपमध्ये, बोटं तारांवरून न उचलता, नुसती सरकवून. वर जाल तसे फ्रेट जवळजवळ येतात, त्यामुळे बोटांना ताणही कमी पडतो.

सहावी तार वाजू नये म्हणून पहिल्या बोटाचं टोक तिला हलकेच टेकवा. सरकवताना दाब सोडा पण तारेला स्पर्श ठेवा, म्हणजे हात भरकटत नाही. जाड तारांवर सरकताना जो चर्र आवाज येतो तो थोडा राहिला तरी हरकत नाही.

एक लक्षात घ्या. पाचव्या फ्रेटवरच्या या डीमध्ये एफ शार्प नाही, म्हणजे डीचा स्वतःचा गंधार नाही. त्यामुळे तो तरंगत राहतो. अंतऱ्यात हे छान वाटतं. पण अंतरा संपवून धृवपदाकडे परतताना कानाला ठाम पाऊल हवं असतं, तिथे नेहमीचा खालचा डी (×-×-०-२-३-२) घ्या. जीचंही तसंच: वरचा जी गोड आहे, त्यात ई मिसळलेला असतो, शेवटच्या ओळीला मात्र खालचा भरघोस जी वाजवा. गायिका षड्जावर स्थिरावली असताना साथीने तरंगत राहू नये असं माझं मत आहे.

आणि जोरात झोडू नका. अंगठ्याने पाचवी तार, मग बोटांनी एकेक पातळ तार. खुल्या तारांना वाजून संपायला वेळ लागतो, तो त्यांना मिळू द्या.

प्रश्न: ताई, मी दहावीत आहे. मला फक्त डी कॉर्ड आवडतो. तो वर कुठे वाजवता येतो का? (एक वाचक, सोलापूर)

येतो, आणि तुझ्यासाठी खुली चौथी तार सगळं काम करते. ती डीच आहे. ती वाजत ठेव आणि वरच्या तीन तारांवर डीचेच स्वर शोध. पहिली जागा तुला येते: ×-×-०-२-३-२. दुसरी: ×-×-०-७-७-५. तिसरी: ×-×-०-११-१०-१०. तिन्ही शुद्ध डी मेजर, फक्त स्वरांचा क्रम फिरतो. एकच कॉर्ड लांबपर्यंत चालू असलेल्या गाण्यात दर दोन मात्रांनी जागा बदल, वरच्या तारेवर एक छोटी चाल तयार होते. आता नेहमीचा डीचा त्रिकोण न मोडता वर सरकव: ×-×-०-७-८-७ हा जी होतो, ×-×-०-९-१०-९ हा ए होतो, आणि खाली डी तसाच घुमत राहतो. परीक्षा झाली की मला कळव, याच्या पुढचं सांगेन.

प्रश्न: माझं गिटार ट्यूनरवर सहाही तारा बरोबर दाखवतं. खालचे कॉर्ड सुरात लागतात. पण नवव्या-दहाव्या फ्रेटवर बोटं आणि पातळ तारा खुल्या, असं वाजवलं की बेसूर. दोष कानाचा, हाताचा की वाद्याचा? (एक वाचक, बेळगाव)

कानाचा नक्कीच नाही. बाकी दोन्ही तपासू या.

तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. नेकवर वर जाल तशी तारेची फ्रेटपासूनची उंची वाढते, म्हणजे ताणही वाढतो. सगळ्या तारा दाबल्या असतील तर सगळ्याच थोड्या थोड्या चढतात आणि चूक झाकली जाते. शेजारी खुली तार आली की ती चढत नाही, आणि फरक उघडा पडतो. म्हणून हा दोष तुम्हाला याच कॉर्डमध्ये ऐकू आला.

तपासायचं असं. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक काढा. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला चढा येत असेल तर आधी तारा बदला. जुन्या, गंजलेल्या तारा याबाबतीत दगा देतात. मग तारांची उंची मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर बाराव्या फ्रेटला सहावी तार साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिली दोनच्या आसपास असावी. पुष्कळ स्वस्त गिटारांवर ती याहून बरीच जास्त असते, आणि विकणारा ती कमी करून देत नाही. सॅडल (गिटारच्या पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून उंची कमी करणं हे जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे, घरी कानस घेऊन बसू नका. उंची बरोबर असूनही स्वर चढाच राहिला तर सॅडलवरचा तारेचा टेकण्याचा बिंदू किंचित मागे न्यावा लागतो.

आता हात. वर फ्रेट अरुंद असतात. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) पहिला फ्रेट साडेछत्तीस मिलिमीटरवर असतो, तर अकराव्या-बाराव्यात एकोणीसच्या आसपास जागा उरते. खाली लागणारा जोर तिथे लावला की तार ताणलीच जाणार. स्वर स्वच्छ येईल इतकाच दाब द्या, आणि तार बाजूला ओढली जात नाही ना ते आरशात बघा.

शेवटी एक गोष्ट अशी आहे की ती दुरुस्त होत नाही, ती ओळखायची असते. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले आहेत. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ सातव्या भागाइतका. शास्त्रीय संगीत ऐकून तयार झालेल्या कानाला खुल्या तारांच्या शेजारी तो खटकतोच. तुम्ही बेळगावचे आहात, तेव्हा अशी शंका घ्यायला मला जागा आहे. उपाय म्हणून अशा कॉर्डमध्ये गंधाराची तार हळू छेडा किंवा गाळाच. ५-७-७-×-०-० हा ए वाजवून बघा: सा, प, रे उरतात आणि तक्रारीला कारण राहत नाही.

प्रश्न: मी मडगावात क्लासिकल गिटार शिकतो. ही खुल्या तारांची युक्ती पॉप-रॉकवाल्यांची आहे का? आमच्या अभ्यासक्रमात ती कुठे येते? (एक वाचक, मडगाव)

तुमच्याकडेच ती आधीपासून आहे. ब्राझीलचे संगीतकार एतोर व्हिला-लोबोस यांनी १९२० च्या दशकात स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्यासाठी बारा एट्यूड, म्हणजे सरावाच्या रचना, लिहिल्या. त्यातली पहिली काढा. मध्यावर डाव्या हाताचा एकच डिमिनिश्ड (तीन-तीन फ्रेटच्या अंतरावरच्या स्वरांचा) शेप मधल्या चार तारांवर धरून फ्रेटमागून फ्रेट खाली उतरत येतो, आणि दोन्ही टोकांच्या ई तारा खुल्या वाजत राहतात. ई शेपचं वर जे सांगितलं तेच तत्त्व, फक्त शेप निराळा. काही फ्रेटवर तो गोड लागतो, काहींवर बोचतो, आणि संगीतकाराला ते बोचणंही हवंच आहे. तिथे हात घाईने सोडवू नका.

त्याच्याही मागे जायचं तर सतराव्या शतकात जा. गास्पार सान्स यांचा गिटारवरचा ग्रंथ १६७४ मध्ये सारागोसात निघाला. त्यात कॅम्पानेला पद्धतीच्या जागा आहेत: सरळ चढणारी स्वरपंक्ती, पण लागोपाठचा प्रत्येक स्वर वेगळ्या तारेवर, काही वर दाबलेले, काही खुले, म्हणजे मागचा स्वर पुढच्यात मिसळतो.

आजच्या गिटारवर हे करून बघायला जीला सा धरा. सा: तिसरी तार खुली. रे: चौथी तार, सातवा फ्रेट, करंगळी. ग: दुसरी तार खुली. म: तिसरी तार, पाचवा फ्रेट, अनामिका. प: दुसरी तार, तिसरा फ्रेट, पहिलं बोट. ध: पहिली तार खुली. नी: दुसरी तार, सातवा फ्रेट, पुन्हा करंगळी. वरचा सा: पहिली तार, तिसरा फ्रेट, पहिलं बोट. हात तिसऱ्या ते सातव्या फ्रेटमध्येच राहतो. सुरुवातीला उजव्या हाताचा गोंधळ होईल, कारण उंच स्वरासाठी जाड तारेकडे जावं लागतं. रे वाजवताना अंगठा वापरा आणि बाकीच्यांना तर्जनी, मधलं बोट, अनामिका वाटून द्या. दाबलेलं बोट पुढच्या स्वराला लगेच उचलायचं नाही. त्या बोटाची दुसरीकडे गरज लागेल तेव्हाच उचला. अवरोह याच जागांवरून उलटा करा, आणि तो आरोहाहून अवघड आहे, तेव्हा त्याला जास्त वेळ द्या.